बिरामची गोरखचिंच

दात ठणकत असताना हसू येणं म्हणजे शिक्षाच, आणि फातिक गावच्या दवाखान्यात दातदुखीनं बेजार झालेल्या तेनिंगच्या शेजारी पायाला पट्टी बांधलेला म्हातारा बिराम आपल्या दोस्ताला, लातीरला, पायाची कहाणी सांगत होता.

"जन्मभर मी शेजारच्या वालीला आळशी म्हणत आलो."

"आहेच तो."

"दर पावसाळ्यात मी माझ्या गोरखचिंचेवर चढायचो, कालवणाच्या पाल्यासाठी फांद्या छाटायचो. त्यानं आपल्या झाडाला कधी कोयता लावला नाही."

"मग?"

"आता व्यापारी पोत्यांनी फळं नेतायत. छाटलेल्या झाडाला फळ कुठलं धरणार? माझं बोडकं, त्याचं लगडलेलं!"

"अरेरे!"

"त्यात नातवाचं बारसं. गोरखचिंचेच्या सरबताशिवाय पाहुण्यांना तोंड कसं दाखवू? गेलो वालीकडे."

"दिली फळं?"

"म्हणाला, हवी तेवढी घे. चढ मात्र तूच, तुला सवय आहे."

"आणि तू चढलास? या वयात?"

"त्याला दाखवायचं होतं ना, कामाचा माणूस कसा असतो ते!"

तेनिंगनं गाल घट्ट दाबून धरला.

"मग इथवर आलास कसा?"

"वालीनंच आणलं घोडागाडीतून. तो बघ, बाहेर सावलीत झोपलाय. म्हणाला, तुझं झालं की मला उठव."