पाय मी उचललेला होता!

नाही, पण पाय मी उचललेला होता! हे आधी ऐकून घ्या आणि मग काय हसायचं ते हसा. सोसायटीत जो भेटतो तो विचारतो, "काय रावसाहेब, शर्यत जिंकलात म्हणे?" अहो, शर्यत कसली! तुम्हाला सांगतो, अजून नुसता हॉर्न ऐकला तरी मी आधी माझा पाय कुठे आहे ते बघतो.

आमचे चिरंजीव अभिनव हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत. दसऱ्याला त्यांनी कोरी गाडी आणून दारात उभी केली, म्हणाले, "आईचे गुडघे दुखतात, तिला कीर्तनाला गाडीतून नेत जा." मी हौसेने शिकलो, परवाना काढला, आणि दर गुरुवारी सुनीतीला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, शेजारी बसवून कर्वेनगरातून बुधवार पेठेत कीर्तनाला नेऊ लागलो.

तिसरा गुरुवार. पुढे सिग्नल लाल झाला, मी पाय उचलला... आणि गाडी ऐकेचना! पुरता उचलला हो, वहाणेसकट उचलला, पण ॲक्सिलरेटरचं पेडल आपलं खालीच! इंजिन डुरकतंय, ब्रेक दाबतोय तर गाडी नुसती थरथरतेय, समोर बसचं ढुंगण मोठं मोठं होत चाललंय... अशा वेळी माणूस काय करतो? जन्मभर जे केलं तेच करतो! मी डोळे मिटले आणि ओरडलो, "धाव रे विठ्ठला, धाव!"

"अहो, धाव काय म्हणताय?" सुनीती किंचाळली. "थांब म्हणा, थांब!"

आता तुम्हीच सांगा, थांब कसं म्हणायचं? सगळ्या संतांनी देवाला धाव म्हणूनच हाक मारली. कुणी म्हटलं वेगाने ये, कुणी म्हटलं उशीर का लावलास... 'जरा हळू' म्हणायची पाळी एकावर तरी आली होती का? पन्नास वर्षांचं पाठांतर, आणि त्यात थांबण्याचा एक अभंग सापडेना! तेवढ्यात शेजारून हात आला, सुनीतीने किल्ली फिरवली, इंजिन गप्प झालं, मी होता नव्हता तेवढा जोर ब्रेकवर दिला, आणि गाडी कडेच्या वाळूच्या ढिगात नाक खुपसून बसली.

अभिनवला फोन केला. "बाबा, पाय पेडलवरच राहिला असेल. होतं या वयात. किल्ली आईकडे द्या, मी ड्रायव्हर बघतो." या वयात! अरे, पाय मी उचललेला होता! पण साक्षीदार कोण? एकटी सुनीती; आणि ती म्हणते, "मी तुमच्या पायाकडे बघत नव्हते. मी माझं मरण बघत होते."

म्हणजे पाहा, दोष गाडीत सापडला तर मी सुटलो. नाही सापडला तर किल्ली गेली, आणि म्हातारपणी राहिलेली एवढी एक ऐट गेली.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून संपत मिस्त्रीच्या गॅरेजात नेली, मागोमाग आम्ही दोघं. त्याने आधी चाकाला वीट लावली. वीट दिसली आणि मला धीर आला, तुम्हाला सांगतो. विटेपाशी थांबण्याची रीत आमच्या दैवताचीच आहे. संपतने पायाखालची चटई काढली, "चटई अडकत न्हाई." बॉनेट उघडून तार सोडवली, ओढून पाहिली, "तार मोकळी हाय. स्प्रिंगबी बरी हाय." आता उरलो मीच की! मग तो सीटखाली आडवा झाला, पेडलच्या वरच्या बिजागरीत बोट घातलं, बाहेर काढून वास घेतला.

"काका, ह्याला मुंग्या लागल्यात. मध हाय, साखर हाय, तूपबी... गाडीला कुणी जेवायला घातलं का काय?"

शेवटी दोघांसमोर कबूल केलं. ज्याला रोज पाय लावायचा त्याची आधी क्षमा नको मागायला? म्हणून दसऱ्याला, पूजेत, सगळ्यांची पाठ वळल्यावर, मी पेडलला पंचामृताचा अभिषेक केला होता. अकरा पळ्या! आणि अभिषेक मस्तकावर करतात, चरणांवर नव्हे. म्हणून थेट वरून, बिजागरीवर!

"पाय मी उचललेला होता," मी पुटपुटलो.

"पाय उचललात हो," सुनीती म्हणाली, "पण पळी कुणी उचलली होती?"

संपतने गरम पाण्याने बिजागरी धुतली, पुसली, तेल सोडलं. पेडल दाबलं की टुणकन वर! मी वाट बघत होतो ती दुसऱ्याच गोष्टीची. सुनीतीने तिथूनच अभिनवला फोन लावला. "अरे, गाडीतच दोष होता. यांनी पाय उचलला होता." एवढंच. पळीचा उच्चारही नाही. मी देवाचे मानतो तेवढेच उपकार मानले.

तर किल्ली माझ्याकडेच आहे. पण तुम्हाला सांगतो, आता पेडलवर पाय ठेवतो तो पोथीवर फूल ठेवावं तसा. सायकलवाले मागे वळून बघतात, रिक्षावाले माझ्या पूर्वजांची चौकशी करतात... करोत! निघतो कीर्तनाला, पोचतो प्रसादाला. परवा शिऱ्याचं पातेलं घेऊन बसलेल्या यमुनाबाई भरल्या मंडपात म्हणाल्या, "या, या रावसाहेब! तुमची वेळ काही चुकत नाही हो!"