फोडलेलं पाकीट आणि उत्तराताईंची सही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे कार्याध्यक्ष माननीय चिंतामणराव साहेब, प्राचार्या प्रतिभा मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर, तेहतीस वर्षं या कनिष्ठ महाविद्यालयाचं कार्यालय सांभाळून आज निवृत्त होणाऱ्या आपल्या हेडक्लार्क, सत्कारमूर्ती उत्तराताई गायधनी, माझे सहकारी, पालक आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

मॅडमनी मला पाच मिनिटं दिली आहेत. पाच मिनिटांत उत्तराताई? अहो, पाच मिनिटांत तर त्या माझा रजेचा अर्ज नुसता वाचून परत करायच्या. वर म्हणायच्या, "ज्ञानेश सर, रसायनशास्त्र शिकवता ना? मग तारीख तरी धड घाला."

आतापर्यंत सगळ्यांनी त्यांच्या शिस्तीचं, हस्ताक्षराचं, अगदी डब्यातल्या थालीपिठाचंसुद्धा कौतुक केलं. मी मात्र त्यांच्या सेवापुस्तकातल्या एकमेव ठपक्याबद्दल बोलणार आहे. ताई, मान हलवू नका. आज तुमचं काही चालायचं नाही.

तिसऱ्या रांगेत सृष्टी भोर बसली आहे, आपली घोटीची. दहावीनंतर तिची एक्स्चेंज स्टुडंट म्हणून निवड झाली. वर्षभर अमेरिकेतल्या एका कुटुंबात राहायचं, तिथल्या शाळेत शिकायचं आणि परत येऊन थेट बारावीला बसायचं. स्टाफरूममध्ये आम्ही टाळ्या वाजवल्या. तिचे वडील दीपकभाऊ अंबडच्या कारखान्यातून, पहिली पाळी संपवून तसेच आले. म्हणाले, "सर, पोरगी लय हुशार हे. पण तिकडचं वरीस हिकडं धरतील ना? का परत अकरावीत बसवतील?" मी म्हटलं, "होईल हो." आम्हा शिक्षकांचं हे बरं असतं, 'होईल हो' म्हणायला काही लागत नाही. ताईंनी मात्र दीपकभाऊंना खुर्ची दिली, चहा मागवला आणि कोरा कागद पुढे ओढला.

तिकडे म्हणे सगळा कारभार क्रेडिटवर चालतो. विषय वर्षभर केला की एक क्रेडिट, सहामाही केला की अर्धं. ताईंनी हे कुठून शिकून घेतलं, देव जाणे. दोन बोटांनी टाईप करत त्यांनी त्या शाळेत मुलांचे विषय ठरवून देणाऱ्या कौन्सेलरबाईंना पत्रं पाठवली. सृष्टीला सांगितलं की जाताना आपल्या विषयांची यादी ने, येताना प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम आणि प्रयोगवही आण. आणि झालं काय? पोरगी तिकडे पोहोचली, तर रसायनशास्त्राच्या वर्गातल्या जागा भरलेल्या! तिला बसवलं मातीची भांडी, फोटोग्राफी आणि समूहगानाला. पोरीचा मेल आला, रडवेला. ताईंचं उत्तर मी वाचलं आहे. "भांडी खुशाल कर, मलाही एक पणती आण. पण रसायनशास्त्राशिवाय तुझा कागद इथे चालणार नाही. बाईंना पुन्हा जाऊन भेट. नाही म्हणाल्या तर परत जा." ही चार वेळा गेली. चौथ्या वेळी जागा मिळाली.

वर्ष संपलं, सृष्टी परत आली, तात्पुरती बारावीत बसूही लागली. आता राहिलं होतं तिकडचं गुणपत्रक. ते त्या शाळेकडून सीलबंद यायचं आणि तसंच बारावीच्या परीक्षा मंडळात जायचं. सील मंडळानेच उघडायचं. ते पाकीट आलं मागच्या खंडेनवमीला. ताई दुपारी येणार होत्या. प्रयोगशाळेत आमची पूजा मांडलेली. तराजू, ब्युरेट, मायक्रोस्कोप, सगळ्यांना फुलं वाहिलेली. शिपायाने पाकीट माझ्या हातात दिलं. आपली लेक सातासमुद्रापार जाऊन रसायनशास्त्रात काय करून आली ते देवाला नको का दाखवायला? मी पाकीट टर्रकन फाडलं. 'ए' ग्रेड बघून इतका हरखलो, की गुणपत्रक तराजूशेजारी ठेवलं आणि त्याला हळद-कुंकू वाहिलं. हसा, हसा! मीही हसत होतो, ताई येईपर्यंत.

ताईंनी कागदावरचं फूल हळूच बाजूला केलं. म्हणाल्या, "सर, बारावीचा फॉर्म भरायला अठरा दिवस आहेत. हे आता मंडळ घेणार नाही." त्या अमेरिकेतल्या शाळेला दुसरी प्रत मागायची, तर पहिली का उघडली हे लेखी हवं होतं. माझी तर पाचावर धारण बसली. मी म्हटलं, "टपालात फाटलं, असं लिहू या की." ताई म्हणाल्या, "टपालवाल्याने तुमचं काय घोडं मारलंय?" आणि लिहिलं, 'कार्यालयाच्या चुकीने उघडले गेले.' खाली स्वतःची सही. मी विचारलं, माझं नाव का नाही? तर म्हणाल्या, "तुमचं नाव घातलं की चौकशी बसेल. चौकशीत महिना जाईल आणि पोरीचं वर्ष जाईल. कार्यालयावर घेतलं की विषय संपला."

दुसरं पाकीट सोळाव्या दिवशी आलं. ताईंनी ते रिक्षात मांडीवर धरून स्वतः मंडळात पोहोचवलं. परवा निकाल लागला. सृष्टीला रसायनशास्त्रात एक्क्याण्णव.

पण त्या पत्राची प्रत संस्थेकडे गेली आणि ताईंना मेमो आला. निष्काळजीपणाचा! तेहतीस वर्षांतला पहिला आणि शेवटचा. अध्यक्ष महाराज, त्यावर आपलीच सही आहे. आपला दोष नाही, आपल्याला कुणी सांगितलंच नाही. फॉर्म भरून झाल्यावर मी सांगू शकलो असतो. पण तेव्हा उपप्राचार्यपदाची नावं निघत होती. मी गप्प बसलो, आणि जानेवारीत उपप्राचार्य झालो. ताई त्या दिवशी पहिला पेढा घेऊन माझ्या केबिनमध्ये आल्या. मला तो गिळवला नाही हो.

ताई, उठू नका. बसा. तुम्ही वाचवायला येणार हे मला ठाऊक होतं.

माझ्या हातात हा अर्ज आहे. पाकीट मी फोडलं, मेमो ताईंच्या सेवापुस्तकातून काढावा आणि माझ्या सेवापुस्तकात लावावा, एवढंच लिहिलंय. तारीख नीट घातली आहे. साहेब, हा तुमच्या हाती देतोय. मात्र त्याआधी एक विनंती. कार्यालय अजून अर्धा तास ताईंचं आहे. त्यांनी यावर आवक क्रमांक घालावा, म्हणजे उद्या कुणाला तो गहाळ करता येणार नाही. मलासुद्धा.

आपण सगळ्यांनी इतका वेळ ऐकून घेतलंत, आभारी आहे. माझ्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. सात महिने बोललो नाही, ते मात्र घालू नका.