पंचफुलाच्या वावरातली पंगत

हॅलो?… हो, बोल ताई… हो, मीच हाओ, उज्ज्वलाच. आवाज बसला माहा, म्हून असा येऊन राह्यला… नाई, रडत नाई वं… हो… हो… माहीत हाये मले… ताई, अवं ऐक ना… बरं, तू पयले बोलून घे.

हो, सख्खी मावशी… हो, एकच भाची… इचारलं असन नव्या सोयऱ्याइनं, कोनबी इचारन… हो… माह्यासाठी जागा धरून ठेवली होती? शेवटपावतर?… हं.

झालं बोलून? मंग आता मी सांगतो. आमच्या ह्याइनं काय सांगतलं तुले?… 'ती कामात हाये'? इतकंच? साडी-नारळ हातात देल्लं, जेवले अन् इतकंच बोलले?… अवं धन्य हाये तो मानूस. काल सांजपासून सारं डोळ्यानं पायलं त्याइनं.

नाई, गिऱ्हाइकासाठी भाचीचा साखरपुडा सोडला असं नाई… म्हंजे हाये बी तसंच थोडं… तू फोन नोको ठेवू. पयलेपासून सांगतो.

दिवाळीनंतर म्या फोनच्या नकाशात आपली खानावळ टाकली ना… हो, 'उज्ज्वला भोजनालय', ताटाचा फोटो बी टाकला. शिरपूरले दर्शनाले येनारे लोक आजकाल नकाशात पाहूनच जेवाले जातात. आता चूक ऐक. कोनाची नाई, माहीच हाये. त्या दिवशी मी पंचफुलाच्या वावरात वांगे घ्याले गेली होती. पंचफुला म्हंजे उत्तमरावची बायको, जऊळक्याच्या रस्त्याले त्याइचा भाजीपाला हाये, मी भाजी तथूनच आनतो… हो, तेच, लय बोलते ते. घरी फोनले रेंज नव्हती, अन् तिच्या धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, चांगली येते. म्हून तथीच उभ्याउभ्या सारं भरलं. फोननं इचारलं, तुमी आता उभ्या हा तेच ठिकान हाये का? म्या म्हनलं, हो. झालं. खानावळ गेली वांग्याच्या वाफ्यात.

नाई ना, तीन महिने समजलंच नाई. आपलं रोजचं गिऱ्हाईक गावातलं. शाळेतले मास्तर, दवाखान्यातली सिस्टर. त्याइले नकाशा कायले पायजे?

अन् काल सकाऊन एका शेठचा फोन आला. बस घेऊन दर्शनाले आले, बत्तीस मानसं, सांजचं जेवन पायजे. पन जैन जेवन. कांदा नाई, लसून नाई, आलू नाई, अद्रक नाई, वांगं बी नाई. अन् सगळ्यात मोठी गोष्ट म्हंजे दिवस बुडायच्या आत सारे जेवले पायजे. बुडाल्यावर त्याइच्यातले कित्येक जनं घोटभर पानी बी घेत नाईत… बत्तीस, ताई. माहे रोजचे ताटं किती, तं बारा-तेरा. म्या हो म्हनून टाकलं… नाई कशी म्हनू? दोन वर्सं झाले खानावळ उघडून, बत्तीस मानसं एका टाइमाले कवा आले? अन् मले वाटलं, सांजच्याले सहा-सातपावतर मोकळी होइन, पायटे उठून सातची बस धरीन, दहाले मंगरूळपीर. तुह्या साखरपुड्याचा टाइम साडेदहा. सारं बसत होतं हिशोबात.

एक मिनिट ताई… भाऊ, आज बंद हाये. दारावर लिवलं हाये ना… नाई, चहा बी नाई… हं, बोल.

तं दुपारपासून लागली कामाले. सारे भांडे पुन्यांदा घासले, कांद्याची टोपली शेजारनीकडे नेऊन ठेवली. तुरीची दाळ, दोडक्याची भाजी, भात, शिरा. पोळ्या करता करता पाच वाजले, अन् शेठचा फोन. बाई, आमी पोचलो. मी हात पुसत बाहेर आली, तं रस्त्यावर एक कुत्रं झोपलं होतं. म्या इचारलं, कोठी हा तुमी? म्हने, तुमच्याच दारात. म्या म्हनलं, दारात तं मीच उभी हाओ. ते म्हने, अथी एक म्हैस बांधली हाये अन् वांगे हायेत, हॉटेल मांगच्या बाजूनं हाये का?

… हास, हास. मले बी आता येऊन राह्यलं हासू. तवा नाई आलं. मांगून बाईचा आवाज आला, बसा वो भाऊ, चहा ठेवतो. आवाज पंचफुलाचा. तवा माह्या ध्यानात आलं सारं.

तेच म्हनलं ना म्या बी, बस मांगं फिरवा म्हून. डायवर फिरवाले गेला तं मांगचं चाक ओल्या मातीत घुसलं. पंचफुलानं दुपारीच पानी देल्लं होतं भाजीले. बस जागची हालेना. चार किलोमीटर हाये ते. अन् त्याइच्यात अर्धे म्हातारे, चालत कसे येतीन? दिवस बुडाले सवा तास होता.

मंग काय करतो? मीच निघाली जेवन घेऊन. हे किशनभाऊचा ऑटो पाहाले पळाले. किशनभाऊ न्हाव्याच्या खुर्चीत, अर्धी दाढी झाली होती. तसाच आला, एका गालाले फेस घेऊन.

अन् पंचफुलाले फोन लावला. म्हनलं, पाहुन्याइले बसव, पानी दे, पन खायाले काईच देऊ नोको. तिनं तं पिठल्यासाठी कांदा चिरला होता… हो, बत्तीस मानसाचं पिठलं. बिनओळखीचे लोक वावरात उतरले अन् ही चूल पेटवून बसली. म्या कांदा नाई म्हनलं, लसून नाई म्हनलं, तं मले इचारते, सारेच आजारी हायेत का? म्या समजावून सांगतलं. सारं मानलं तिनं. वांग्याचं मातर मनाले लागलं तिच्या. तिच्या वांग्याले आजपावतर कोनी नाई म्हनलं नव्हतं.

हो, निघालो आमी. दाळीचं पातेलं माह्या दोन पायाच्या मधात, भात ह्याइच्याजोळ, पोळ्या किशनभाऊच्या सीटच्या मांगं. मी सारा रस्ता वरडत होती, भाऊ हळू, भाऊ जलदी. आवाज तथीच गेला. नाल्याजोळच्या खड्ड्यात ऑटो असा आदळला का अर्धी दाळ माह्या वटीत… नाई, भाजलं नाई फार. पायावर थोडा फोड हाये… लावलं वं औषध.

पोचलो तं पाहातच राह्यली मी. तिनं निंबाखाली ताडपत्री आंथरली होती, पानी शिंपडलं होतं. चिरलेला कांदा पार दुसऱ्या धुऱ्यावर नेऊन टाकला, हात दोनदा धुतले. अन् दाळ सांडली म्हनल्यावर चूप वालाच्या शेंगा तोडून आनल्या, जिरं-मिरचीची फोडनी देल्ली. माह्या पोळ्या कमी होत्या तं ज्वारीच्या भाकरी टाकाले बसली. उत्तमराव ताटं वाढून राह्यले, हे पानी, किशनभाऊ शिरा. त्याच्या गालावरचा फेस तवरोक वाळून गेला होता, कोनी त्याले सांगतलं नाई… हो, खरंच.

अन् लोक जेवले, ताई. काय सांगू. भाकर मांगून मांगून जेवले. शेठ म्हने, आमाले अथीच आनायचं होतं तं सांगाचं होतं ना पयलेच. नकाशा चुकला हे त्याइच्या ध्यानात हाये का नाई, मले अजून बी समजलं नाई.

… हो, थांब ना. तेच तं. मानसं जेवली हे बरोबर हाये. पन सारी नाई जेवली.

एक आजी होत्या त्याइच्यात. ऐंशीच्या असतीन, बारक्या, पांढरं लुगडं. त्या बसल्याच नाईत पंगतीत. पयले लेकराइले वाढा, मंग त्या लंगड्या भाऊले वाढा, मंग डायवरले बसवा, हेच करत होत्या. मले बी मदत वाटली ते. मी म्हनलं बरं हाये, एक हात वाढला. सगळ्याइचं झालं तवा म्या त्याइचं ताट भरलं अन् घेऊन गेली. त्या पंचफुलाच्या खाटेवर बसल्या होत्या, हात धुऊन. त्याइनं माह्याकडे पायलं नाई. बांधावरच्या बाभळीकडे पायलं. अन् हात जोडले.

म्या म्हनलं, आजी, अजून उजेड हाये.

त्या म्हने, "उजेड आहे बेटा. सूर्य नाही."

… हं.

रागावून नाई वं. हासूनच बोलल्या. तुझी काही चूक नाही, म्हने, मीच उशिरा बसले. पानी बी घेतलं नाई. मंग शेठनं सांगतलं, बसमधी त्याइले उलटी होते म्हून सकाऊन नऊ वाजता दोन खाकरे खाल्ले होते फक्त. दिवसभर काईच नाई. अन् माहं ताट त्याइच्यापावतर पोचलं ते बी पाच मिनिट उशिरा. नकाशात बरोबर जागा टाकली असती तं साडेपाचले जेवल्या असत्या.

बस मंग उत्तमरावच्या ट्रॅक्टरनं काढली, गेले धर्मशाळेत. मी घरी आली. साडी धुतली, बॅग भरली, साखरपुड्याची साडी काढून ठेवली. सारं केलं, पन डोळ्यासमोर तेच ताट.

… नाई, मले पाप लागन म्हून नाई. देवाचं मले इतकं समजत नाई. पन खानावळ चालवतो ना मी? एक मानूस माह्याकडे जेवाले आलं अन् उपाशी गेलं. एवढंच समजते मले.

सकाळी सातची बस. हे बॅग घेऊन उभे, मी नवी साडी नेसून. बस आली, चढली मी… हो, चढली होती, सीटवर बी बसली. अन् उतरली. त्याइले म्हनलं, तुमी जा पुढं, मी नाई येत. त्याइनं माह्याकडे पायलं, म्हने बरं. कायले, काहून, काई इचारलं नाई. म्हून तं तुले सांगाले बी त्याइच्याजोळ काई नव्हतं.

काहून का, सूर्य उगवला का लगेच बी खात नाईत ते. अजून पाऊन तास थांबतात. काल शेठनंच सांगतलं होतं. म्हंजे साडेसात. अन् बस सातची. अर्ध्या तासाची गोष्ट हाये सारी.

घरी आली, त्याच साडीवर चूल पेटवली, शिरा केला, मुगाची दाळ, दोन पोळ्या. डबा घेऊन धर्मशाळेत गेली. आजी ओट्यावर माळ घेऊन बसल्या होत्या. मी बी बसली बाजूले. घड्याळाकडे त्या पाहात नव्हत्या, मीच पाहात होती. टाइम झाला तवा त्याइनं हात जोडले अन् पानी पेल्या पयले. लय हळू पेल्या. मंग जेवल्या.

काय बोलल्या म्हंतं? जेवता जेवता इचारलं, एवढी नटून कुठे निघालीस? म्या सांगून टाकलं. भाचीचा साखरपुडा हाये, बस सोडली. तं हातातला घास तसाच ठेवला त्याइनं, अन् मलेच रागावल्या.

"उपास मला नवा नाही. भाचीचा साखरपुडा पुन्हा होणार आहे का?"

… हो. तुहंच बोलनं होतं ते. तू अन् त्या एकच बोलल्या. मी दोनी बाजूनं बोलने खाल्ले आज.

पन रागावून झाल्यावर सारा डबा खाल्ला. शिऱ्याचा कन बी ठेवला नाई.

… नंतरची बस होती ना, साडेनऊची… हो, येता आलं असतं. साखरपुडा नाई तं जेवनापावतर पोचली असती. खरं सांगू ताई? लाज वाटली. सारे इचारतीन काहून उशीर झाला, अन् म्या काय सांगाचं? एका आजीचं ताट? तू जसं ऐकलं तसं सोयऱ्याइनं ऐकलं असतं का? हे नुसतं 'कामात हाये' म्हनले तेच बरं झालं.

ताई?… आवाज काहून असा येऊन राह्यला तुहा?

नाई, तू रागावली ते चुकली नाई. तुही गोष्ट बरोबर हाये… हो… नाई वं, तू नोको रडू आता. मी नाई रडली तं तू काहून…

… खानावळीचं? होइन बरोबर. शेठ पुढच्या महिन्यात दुसरी बस आनून राह्यले. म्हने, वावरातच बसवा. पंचफुला सकाऊनच येऊन गेली इचाराले. भाकरी तिच्या, बाकीचं माहं, असं ठरलं. पन पाच वाजता पंगत बसली पायजे, अन् सगळ्यात म्हातारं मानूस पयले बसन. ते मी कोनाचंच ऐकनार नाई.

… कोन? रंजीता? जवळच हाये का? सारं ऐकून राह्यली होती का? स्पीकरवर?… कमाल हाये तुही बी. दे तिले.

हं, बेटा… नाई वं, मावशीले कायची माफी मांगतं? म्याच मांगितली पायजे… साडी आवडली का?… हो, मोरपंखी तुले खुलतेच… नाई, आज दुकान नाई. बंद हाये. थांब, दार लोटून घेतो.

हं. बसली मी. आता मले पयलेपासून सांग. पोरगा कसा बसला होता, काय बोलला, अंगठी घालतानी कोनाचा हात पयले पुढं आला. सारं सांग. मी लय बोलली, आता एक अक्षर बोलत नाई.

… हं.

… हं… तुहाच?… हं…

नाई, नाई, घाई नोको करू. सांगून झाल्यावर तूच ठेवजो. मी नाई ठेवत.

… हं… मंग?…