गोदाक्कांच्या शिऱ्यानं तुंबलेलं सिंक

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न. पाणी उताराला जातं, धूर वर जातो — मग ओठाशी आलेलं आणि गिळून टाकलेलं खरं जातं कुठं? पोटात? अहो, पोटात गेलं असतं तर पचलं नसतं का! नाही, ते दुसरीकडंच जातं. कुठं, ते सांगतो.

मिरजेत एका गल्लीत गोदाक्का म्हणून बाई राहायच्या. खाली स्वतः, वरच्या दोन खोल्या भाड्यानं. स्वभाव नारळासारखा — छे, नारळ बरा, एकदा फुटला की गप्प तरी बसतो!

वर भाडेकरू आली मालिनी आणि तिचा नवरा शशिकांत. मालिनीला ना आई, ना सासू. आणि सातवा महिना! गोदाक्कांच्या पोटी मूल नाही. देवाची सोय बघा — वर लेक, खाली आई, मध्ये फक्त एक जिना!

गोदाक्का म्हणाल्या, "मालू, तुझं बाळंतपण मी करणार. शेक-शेगडी माझ्याकडं लागली. तू फक्त खा."

आणि खायचं काय? शिरा! रोज सकाळी! रव्यात तूप नव्हे हो — तुपाच्या विहिरीत रव्यानं जीव दिलेला! मालिनीला तुपाच्या वासानंच उमळून यायचं. पण सांगणार कशी?

"कसा झालाय गं?"

"छान झालाय, अक्का!"

अक्का जिना उतरल्या, की वाटी सिंकमध्ये. वरून गरम पाणी. गेलं!

हसू नका. तुमच्या सिंकला वाचा फुटली ना, तर निम्मे पाहुणे पुन्हा उंबरा चढायचे नाहीत!

रवा फुगतो, मंडळी. तूप थिजतं. एक दिवस सिंक काठोकाठ भरलं. शशिकांतनं रबरी पंप आणला आणि असा दाबला, असा दाबला, की गल्लीतले कावळे उडाले ते थेट सांगलीत उतरले! मी पाहिलं नाही. पण ज्यानं सांगितलं तो खोटं बोलताना डोळे मिटतो, आणि तेव्हा त्याचे डोळे सताड उघडे होते!

भस्सकन पाणी गेलं. "निघाली घाण!" शशिकांत ओरडला.

निघाली कुठं? ढकलली! जिथं दोन्ही घरांचा पाइप एक होतो, तिथं जाऊन बसली. आणि काळं पाणी उसळलं ते गोदाक्कांच्या सिंकमधून — खाली भिजत ठेवलेल्या डाळीत!

"शशिकांत! काय कोंबता रे पाइपात?"

"आम्ही काही टाकत नाही. तुमचा पाइपच जुना आहे!"

झालं! घरमालकिणीच्या पाइपाला जुना म्हणणं म्हणजे तिचं वय काढणं!

"उद्या प्लंबर येईल. तुमचं काही निघालं, तर दुसरीकडं खोली बघायची!"

मालिनी वरून ऐकत होती. काय निघणार, हे तिला एकटीलाच ठाऊक. खोली जाईल — जाऊ दे, खोल्या मिळतात. पण मंडळी, सातव्या महिन्यात आई कुठं मिळते हो भाड्यानं?

दुपारी अक्का पोथी ऐकायला देवळात गेल्या. मालिनी बादली घेऊन परसात आली. वाकता येईना, तर भिंतीशी फतकल मारून बसली. पाइपाचं झाकण फिरवलं, आत हात घातला — आणि मागून आवाज!

"अगं ए! या दिवसांत असं बसतात? ऊठ आधी!"

अक्का चष्मा विसरल्या म्हणून परत आल्या होत्या. त्यांनी मालिनीला उठवून पायरीवर बसवलं, पदर खोचला आणि स्वतःच हात घातला, कोपरापर्यंत. ओढला. गोळा! पिवळा, चिकट, नारळाएवढा. घाण वास... आणि त्या वासात वेलदोडा!

स्वतःच्या हातचा शिरा बाई ओळखणार नाही?

अक्का त्या गोळ्याकडं नुसत्या बघत राहिल्या. मालिनीचे डोळे भरले. "अक्का, मला तुपाचा वास सोसत नाही."

"रोज टाकलास?"

"रोज."

"आणि रोज छान म्हणालीस?"

"नको म्हटलं, तर तुम्ही पुन्हा जिना चढणार नाही, असं वाटलं."

अक्कांनी गोळा बादलीत टाकला. मग हळूच म्हणाल्या, "माझी तुपकट कढईही मी याच पाइपात धुते. निम्मा गोळा माझाच आहे." आणि एकदम उसळल्या — "पण शिरा नको म्हणालीस, म्हणून मी तुला नको म्हणेन? एवढीच ओळखलीस मला? काय खावंसं वाटतं? खरं सांग!"

"कैरी. तिखट-मीठ लावून."

"मेले, मग इतके दिवस तोंड शिवलं होतं का तुझं!"

दुसऱ्या दिवशी प्लंबर आला, चहा पिऊन गेला. बाळंतपण गोदाक्कांनीच केलं. तेव्हाही शिरा केला — पण चमचाभर तुपात, आणि आधी विचारून!

तर मंडळी, ते सिंक रागानं तुंबलं नव्हतं. मायेनं तुंबलं होतं! एकीनं विचारलं, पण वाटी रिकामी होईपर्यंत थांबली नाही. दुसरीनं उत्तर दिलं, पण खरं दिलं नाही. आपल्या घरातही एक वाटी रोज अशीच फिरते. बायको पुढं करते, नवरा छान म्हणतो. म्हातारा बाप 'बरा आहे' म्हणतो, आणि मुलगा फोन ठेवून देतो. मग एक दिवस भलत्याच घरात काळं पाणी उसळतं, आणि आपण म्हणतो — पाइप जुना!

असो. आज प्रसादाला काय आहे, ठाऊक आहे? शिरा! तूप चांगलं सढळ घातलंय, मी आत डोकावून आलोय. ज्याला मनातून नको असेल, त्यानं आत्ता हात वर करावा!

एकही नाही?

बघा — तुंबायला लागलं! आधी खरं बोला मंडळी, मग विठ्ठल बोला!