करंजओढ्यावरचा बत्तीवाला

ऐका. शेकोटी जरा इकडं सारा, आणि मध्येच कुणी उठायचं नाही.

करंजओढ्यावर हमरस्त्याचं काम चाललं होतं, तेव्हाची गोष्ट. मी तिथं मुकादम. माझ्यावर रामलिंग ढोबळे सुपरवायझर. ओढ्याचं पाणी खालून न्यायच्या मोरीसाठी रस्ता आडवा खणलेला, दोन पुरुष खोल. कागदावर सगळं झकास बघा. फलक, पिंपं, रात्री लाल बत्ती घेऊन माणूस, चार तासांनी त्याची बदली. आणि जागेवर? एकटा सुभान भिसे. सकाळी उभा राहिला तो मध्यरात्रीपर्यंत उभाच. बदली पाठवतो, पाठवतो म्हणत रामलिंग झोपला. सुभानचा उभ्या उभ्या डोळा लागला, आणि ट्रकनं उडवलं त्याला, जागीच गेला. मग रात्री तिथं कुणी थांबेना. रामलिंगनं चार दगड आडवे लावले, झालं काम.

पंधरा दिवस गेले. एका रात्री रामलिंगच्या लेकीचा, सारिकाचा फोन. तान्हं बाळ घेऊन जीपनं निघालेली, ओढ्यापलीकडनं. खड्ड्याचं सांगायच्या आत फोन कट. पुन्हा लागेना. रामलिंगनं मोटारसायकलला किक मारली. वळणवाटेनं खड्डा ओलांडायचा आणि पलीकडं उभं राहून जीप अडवायची, एवढंच डोक्यात.

खड्ड्याअलीकडच्या लिंबाखाली लाल बत्ती हलली. मफलर गुंडाळलेला माणूस. डावीकडनं जा, म्हणून हात केला. रामलिंगला बरंच वाटलं हो, कुणीतरी उभं आहे म्हणून. वळणवाट त्यानंच आखलेली, दोन मिनिटांची. बाहेर पडला, तर समोर तोच लिंब. तीच बत्ती. डावीकडनं जा.

पुन्हा गेला. पुन्हा लिंब! तिसऱ्या खेपेला वाटेच्या दोन्ही अंगाला पिंपं, एकाला एक चिकटून. आम्ही तर तिथं एक पिंप ठेवलं नव्हतं! बाहेर आला, लिंबच. मागं बघतो, तर मागची वाटही पिंपांनी बंद. गाडीही बंद पडली. मग त्या माणसानं मफलर सोडला.

सुभान!

"साहेब, बदली आली का?"

 तेवढ्यात ओढ्यापलीकडं जीपचे दिवे. भरधाव. सुभाननं बत्ती पुढं धरली. रामलिंग काय ते समजला. घेतली, तर आपण इथं कायमचे अडकलो. नाही घेतली, तर लेक खड्ड्यात.

"आली," तो म्हणाला. "मी आलोय. तू जा घरी."

बत्ती घेतली, खड्ड्याच्या काठाला धावला, आणि अशी हलवली, अशी हलवली! जीप करकचून थांबली. चाक आणि खड्डा, मध्ये वीतभर. लेक पलीकडनं हाका मारतेय, पण याचे पाय हलेनात, मूठ उघडेना. रात्रभर रडत उभा होता बिचारा.

सकाळी मी पोचलो. बदली आली म्हण, एवढंच तो बोलला. मी म्हणालो, तशी मूठ सुटली. बत्ती माझ्या हातात, आणि माझे पाय जागच्या जागी. चार तासांनी दुसरा आला, तेव्हा सुटलो. मग मोरी होईपर्यंत एकही बदली चुकली नाही. रामलिंग स्वतः पाळी करायचा.

काम संपलं त्या रात्री आम्ही आनंदानं सामान बांधलं आणि गाव गाठलं. शेवटच्या पाळीला आमच्यातलाच एक मजूर, गेनू होता. त्याची बदली पाठवायची राहिली. मुकादम मीच होतो. गेनू घरी आलाच नाही.

रस्ता आता गुळगुळीत झालाय म्हणून काय झालं, रात्रीचे त्या वाटेनं जाऊ नका. लिंबाखाली अजून बत्ती हलते म्हणतात. मी तर दिवसाही जात नाही. गेनू माझीच वाट बघत असणार.