खारवेलीच्या पाण्याची चावी

(सौंदड. अंगणात दामिनीची बांधलेली बॅग. तिची आजी शामकलाबाई त्या बॅगेवरच बसली आहे.)

शामकलाबाई : आधी सांग, मंग उठतो. समुद्राकाठी मानसं सरली का? सौंदडची पोरगी कायले पाह्यजे त्याईले?

दामिनी : परीक्षा पास झाले, आजी. खारवेली नगरपालिका मिळाली. पाणीपुरवठा खातं.

शामकलाबाई : पानी सोडाले इतक्या दुरून इंजिनेर बलावतेत? काहीतरी खोट आहे.

दामिनी : खोट नाही. तिथं अर्धं गाव मराठी, अर्धं गुजराती. पाट्या दोन भाषांत, सभा दोन भाषांत. टाकी मात्र एकच.

शामकलाबाई : हं. आता बोलली.

दामिनी : तिथल्या जुन्या शिपायाला फोन केला होता. तो म्हणे, राज्यं वेगळी झाली त्या वर्षी बंदरावरचे मराठी म्हणाले, चावी गुजरात्याच्या हातात आहे म्हणून आमचे नळ कोरडे. मग चावी मराठी माणसाला दिली, तर पेठेतले गुजराती तेच म्हणाले. शेवटी ठराव केला, पाणी सोडणारा बाहेरचाच हवा.

शामकलाबाई : म्हंजे दोघाईच्या शिव्या खायाले तिसरा. तुह्या आधी कोन होता?

दामिनी : नांदेडचे एक साहेब.

शामकलाबाई : किती टिकला?

दामिनी : आठ महिने.

शामकलाबाई : अन् त्याच्या आधीचा?

दामिनी : आजी, संध्याकाळची गाडी आहे.

शामकलाबाई : इचारलं ते सांग.

दामिनी : पाच. लोकांनी त्याच्या दारात रिकाम्या घागरी फोडल्या.

शामकलाबाई : कोनत्या लोकाईनं?

दामिनी : दोन्हीकडच्या.

शामकलाबाई : तेवढ्यापुरते एक झाले म्हना.

दामिनी : भीती मलाही वाटते. पण नाही गेले तर यादीतून नाव जाईल. तीन वर्षं अभ्यास केलाय मी.

शामकलाबाई : ते साहेब राहत कुठी?

दामिनी : टाकीखालच्या क्वार्टरमध्ये. चोवीस तास पाणी.

शामकलाबाई : तरीच. आपल्या तलावाचं पानी धानाले कोन वाटे? बकाराम. काऊन? त्याची बांधी, धानाचं वावर, सगळ्यात शेवटी. सगळ्याईची भरल्याबिगर त्याची भरत नव्हती. म्हून त्याले कोनी कधी चोर नाही म्हनलं.

दामिनी : म्हणजे मी जाऊ?

शामकलाबाई : क्वार्टर नोको घेऊ. त्याईची पाइपलाइन जिथं सरते, तिथं खोली पाह्य.

दामिनी : तिथं आठवड्यातून दोनदाच पाणी येतं म्हणतात.

शामकलाबाई : मंग दोन बकेटा जास्तीच्या घेजो.