दादाची खूण

—नाही, नाही, त्यावर बसू नका, त्या स्टुलाचा एक पाय मोडलाय. उभ्यानेच ऐका. सेन्सर बसवून घेतला म्हणे! अहो, सेन्सर बसवणं म्हणजे काय खुंटीला टोपी अडकवणं आहे? ठिणगी वाटणारा जुना डिस्ट्रिब्युटर उपटला, त्याच भोकात हा नवा डबा खुपसला, चार वायरी जोडल्या, वर बाजारातून आणलेला कॉम्प्युटर चिकटवला — झाले इंजिनिअर! आणि हे करून घ्यायला गेलात कोणाकडे? तर माझ्या धाकट्या भावाकडे. मग भोगा आता. सहा वर्षं झाली मी त्याला इथून हाकलून, तोंड बघितलं नाही त्याचं. आमची ही बोलते त्याच्याशी फोनवर, माझ्या पाठीमागे — मला कळत नाही असं वाटतं तिला. बोलेना का. मी नाही विचारत तो कसा आहे ते. — कसा आहे? बारीक झालाय? बरं, असू दे, मला काय करायचंय, बॉनेट उघडा.

चढावर टकटक वाजतं, बरोबर? वाजणारच. सोप्या भाषेत सांगतो. पिस्टन वरखाली करणारा क्रँक दोनदा फिरतो तेव्हा झडपा उघडणारा कॅम एकदा फिरतो. म्हणजे क्रँकच्या पुढच्या पुलीवरची ही खूण दोनदा समोर येते — एकदा खरी, एकदा खोटी. खरीच्या वेळी पिस्टन हवा दाबत वर येतो, खोटीच्या वेळी नुसता धूर बाहेर ढकलतो. दिसायला दोन्ही सारख्या, जुळ्या बहिणी. कॉम्प्युटर ठिणगीची वेळ या खुणेवरून मोजतो; त्यातली खरी कोणती हे त्याला सांगायला हा सेन्सर. आणि बसवणारा शहाणाच खोटीवर बसवून मोकळा झाला तर? तेच केलंय त्याने, लिहून देतो. हा प्लग काढला. तुम्ही पाना धरा, पुलीचा बोल्ट फिरवा, माझा अंगठा भोकावर आहे. फिरवा... हवा ढकलतेय अंगठ्याला, म्हणजे ही खरी. आता सेन्सरचा दिवा — हं. लागला. जिथे लागायला हवा तिथेच लागला. असतं एखाद्याचं नशीब.

तुम्ही तुमच्या गाडीवाल्यांच्या क्लबात सगळ्यांना सांगणार आहात ना, याने इंजिनाची वाट लावली म्हणून? अवश्य सांगा. थोरल्या भावाने स्वतः तपासलंय म्हणा. मग त्याच्या दारात कुत्रं फिरकणार नाही. दुकान बंद करावं लागेल? लागू दे! त्याने माझं नाक कापलं तेव्हा? हीच गाडी होती साहेब, तुमच्या आधीच्या मालकाची. शर्यतीच्या आदल्या दिवशी या धाकट्याने पुलीवर दिवा धरून टायमिंग लावलं, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, माझ्या खुणेवरून. मी कधी दिवा-बिवा धरत नाही, टायमिंग कानाने लावतो, इंजिन गोड बोलायला लागलं की झालं. पण याला पुस्तकी सोस. दुसऱ्या फेरीला पिस्टनला भोक! सगळी मंडळी भोवती उभी, आणि हा काय म्हणतो? दादा, एकदा तुझी खूण तपासू या का? माझी खूण! पुली मी बसवली, खूण मी घासली, माझ्या कानशीने, नुसत्या नजरेने — मला यंत्र लागत नाही. सगळ्यांदेखत म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं! हसले सगळे. तो नाही हसला. पान्यांची पिशवी उचलली आणि चालता झाला. माझी कानस घेऊन गेला जाताना, चोर लेकाचा. नंतर पिस्टन मीच बदलला, पुली तीच.

थांबा, सोडत नाही मी त्याला, आहे कुठेतरी घोळ. हा लांब स्क्रूड्रायव्हर भोकातून पिस्टनवर टेकवलाय. पिस्टन टोकाला पोचला की हा वर यायचा थांबेल, आणि त्याच क्षणी खूण या पट्टीच्या शून्यावर हवी. फिरवा. हळू हो, नळ आहे का तो! — आली, खूण शून्यावर आली. आता किंचित पुढे घ्या, हा खाली जायला लागेल बघा. — वर येतोय. वर कसा येतोय? तुम्ही उलटं फिरवताय. नाही? पुन्हा करा. पूर्ण दोन फेरे. ... शून्य. पुढे. अजून वर. अजून. — इथे थांबला. खूण बोटभर पुढे गेल्यावर.

पुली सरकली असेल. पण सरकेल कशी, एकसंध लोखंड आहे, आत तिला हलू न देणारी चावीची पाचर आहे. ही दोन खाचांची खूण माझीच, दुसरं कोणी अशी मारत नाही. मी कानाने लावत होतो, कान कुठे खूण बघतो... पण या खुणेवरून लावलं की ठिणगी वेळेच्या फार आधी पडायची. तेव्हाही. पिस्टनला भोक पडलं तेव्हाही.

—काय? त्यानेच पाठवलं तुम्हाला इथे? आणि हे आत्ता सांगता? काय म्हणाला? नीट आठवून सांगा, शब्द न् शब्द. ‘खूण चुकली आहे, पण ती दादाची आहे, मी तिला हात लावणार नाही. त्यालाच दाखवा, तोवर गाडी पळवू नका.’ — आणि तुम्ही चढावर पळवलीत! काय माणूस आहात हो! ... दादाच म्हणाला? अजूनही?

माझ्याकडे असे बघू नका. पाना ठेवा तिथे. गाडी राहू दे. आणि क्लबात सांगा, सगळ्यांदेखत सांगा — त्याला नाचता येत होतं, अंगण मीच वाकडं केलं होतं. आणि हे बघा, आता खूण नवी मारावी लागणार. त्यासाठी कानस लागते. माझी कानस त्याच्याकडे आहे. त्याला म्हणावं, दादाची कानस आणून दे. बाकी एक अक्षर बोलू नका. कोणाच्या हाती पाठवू नको, स्वतः घेऊन ये म्हणावं. — झालं. या आता. या म्हटलं ना!